इंजिन माझं, पासवर्ड कंपनीचा

सेकंडहँड स्पोर्ट्स कार बिघडली की आपल्याकडे आधी मालकाची चौकशी होते, इंजिनाची नंतर. पगार किती, हप्ता किती, लग्न झालंय का, आणि एवढ्या पैशात क्रेटा का नाही घेतली. मलकापुरात (कराडला खेटून, महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेलं ते, बुलढाण्याचं वेगळं, शाहूवाडीचं वेगळं) माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि पुढचे चार महिने हे प्रश्न मी रोज ऐकले. केशकर्तनालयात ऐकले, ढेबेवाडी फाट्यावर चहा पिताना ऐकले, ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवरसुद्धा ऐकले. एका काकांनी तर हिशोब करून सांगितलं की त्या पैशात हायवेलगत अर्धा गुंठा तरी आला असता.

या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी एकच समजूत आहे: जुनी, वेगवान, परदेशी गाडी घेणं ही हौस आहे, आणि हौसेला दंड बसणं न्याय्यच आहे. मला हे अजिबात मान्य नाही. धातूची यंत्रं झिजतात. झिजलेला भाग काढून नवा बसवणं ही काही चैन नव्हे. या देशातले लोक शंभर वर्षं रस्त्याच्या कडेला बसून ते करत आले आहेत. दंड बसतो तो दुरुस्ती कुणी करायची, कोणत्या माहितीवर करायची आणि कुणाच्या परवानगीने करायची हे कंपनीने आपल्या हातात ठेवल्यामुळे. वाद तिथे घालायला हवा. मालकाच्या हौशीवर घातला की कंपनी सुटते.

गाडीबद्दल थोडं सांगतो, कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही. लिहिलं की खाली भांडण त्या ब्रँडवर होईल, आणि मला जे म्हणायचंय ते जवळजवळ सगळ्यांना लागू आहे. बारा वर्षांची, दोन दरवाजांची, चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. दिल्लीहून आणली. दिल्लीत पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची आणि डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्का मारला, आणि तेव्हापासून तिथल्या महागड्या गाड्या उतरत्या भावात देशभर पसरल्या. तिथे तीन वर्षं उरलेली गाडी एनओसी घेऊन इथे आली की पंधरा वर्षांनंतरही फिटनेस तपासून, फी भरून तिची नोंदणी पुढे चालू ठेवता येते. एमएच ५० चा नंबर घेतला, रोड टॅक्स भरला. एका मध्यम एसयूव्हीच्या निम्म्या पैशात मला असं यंत्र मिळालं की जे खंबाटकीच्या चढावर अजून दम असल्याचं दाखवतं. घेण्याआधी स्कॅनर लावला होता, तेव्हा सगळं स्वच्छ होतं. ही गाडी घेतल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

सहा महिन्यांनी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड यायला लागली. डब्यात सुट्टे नाणे हलवल्यासारखी. मग दिवा. स्वस्तात मिळणारं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र माझ्याकडे होतंच. कोड आला पी००१६. या कोडचा अर्थ जगातल्या सगळ्या गाड्यांत एकच असतो, आणि हे कंपन्यांच्या दयेने झालेलं नाही. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला ठरावीक आकाराचा सॉकेट आणि ठरावीक कोड द्यावे लागतील असा नियम आला म्हणून झालं. प्रदूषणाशी संबंधित बिघाड कुणालाही वाचता यावेत हा त्यामागचा हेतू. म्हणजे मला जेवढं कळलं तेवढं कायद्यामुळे कळलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पी००१६ म्हणजे क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा ताळमेळ बिघडलाय. क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक मारतो. व्हॉल्व्ह नेमके कधी उघडायचे ते यावर ठरतं. दोघांना बांधून ठेवते टायमिंग चेन. चेनच्या कड्यांमधल्या पिना झिजल्या की ती सायकलच्या चेनसारखी लांबते, कॅम काही अंश मागे पडतो, आणि सेन्सरला तो फरक दिसतो. चेन ताणून धरायला एक टेन्शनर असतो, तो ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली उतरलेलं असतं, म्हणून सुरुवातीचे दोन सेकंद चेन ढिली राहते आणि खडखडते. दाब आला की गप्प. आधीच्या मालकांनी ऑइल बदलायला उशीर केला असेल तर हे होणारच. यात गूढ असं काही नाही, आणि या टप्प्यावर थांबलात तर मोठं नुकसानही नाही. चेन दात सोडून उडाली तर मात्र वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि मग खरा खर्च.

माझ्या गाडीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर पुण्यात. फ्लॅटबेडवर घालून पाठवली. तीन दिवसांनी अंदाजपत्रक आलं: इंजिन असेंब्ली बदलणे, सात लाख ऐंशी हजार, अधिक कर. चेन, टेन्शनर, गाइड असे वेगवेगळे आकडे मागितले तर उत्तर आलं की आमच्या पद्धतीत एवढं जुनं इंजिन उघडून देत नाही, उघडल्यावर आणखी काही निघालं तर जबाबदारी कुणाची. कॉम्प्रेशन टेस्ट केली का, असं विचारलं. केली नव्हती. दवाखान्यात नाडी न बघता हृदय बदला म्हणावं तसं हे. तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरवर माझा राग नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे, आणि आत काम करणारी पोरं आपल्याच आयटीआयमधून गेलेली आहेत. त्यांना इंजिन उघडता येत नाही असंही नाही. त्यांना ते उघडू दिलं जात नाही, कारण कंपनीच्या हिशोबात पार्ट विकण्यात पैसा आहे आणि माणसाच्या तासांत नाही. दहा वर्षं फक्त डबे बदलत बसलेल्या पोराचा हात शेवटी त्यातून जातोच, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री दोन वाजता एखादी सेवा कोसळली तर पहिलं काम असतं लॉग वाचणं. कुठली ओळ, कुठली विनंती, काय बदललं होतं. लॉग न वाचता ‘अख्खा डेटा सेंटर बदला’ असं कुणी म्हणालं तर त्याला मीटिंगमधून उठवतील. पण गाडीच्या बाबतीत तेच वाक्य छापील अंदाजपत्रकावर आलं की आपण ते कंपनीचं मत म्हणून आदराने वाचतो.

गाडी परत आणली. मलकापुरात सर्व्हिस रोडला उड्डाणपुलाच्या कामाची धूळ खात उभं असलेलं एक गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, दोन खड्डे, एक चेन-पुली. मिस्त्रींची सुरुवात विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनापासून झाली, मग मॅटाडोर, ट्रॅक्स, इंडिका. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला साहेब म्हणतात, आणि यातला विनोद दोघांनाही कळतो. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि मला गाडी सुरू करायला लावली. दोन सेकंदांत हात वर. “बंद करा. चेनच हाय. आता अजिबात चालू करू नगा, दात सोडला तर वाल्व बसत्यात पिस्टनवर.” जे मला कोडने सांगितलं तेच त्यांना कानाने. मग प्लग काढून चारही सिलिंडरला गेज लावलं. आकडे एकशे सत्तर ते एकशे ऐंशीच्या दरम्यान, चारही जवळपास सारखे. याचा अर्थ रिंगा धड, बोअर धड, व्हॉल्व्ह धड. “खालचं इंजिन चांगलं हाय. फेकायचं कशाला?” वीस मिनिटांची तपासणी, आणि सात लाख ऐंशी हजारांचा निकाल तिथे लागला.

तिसरा एक रस्ताही होता, त्याबद्दल बोलायला हवं कारण बहुतेक लोक तिकडेच जातात. दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईत कुर्ल्याहून निघालेलं, कुठल्यातरी अपघातातल्या गाडीचं वापरलेलं इंजिन आणून टाकायचं. स्वस्त पडतं, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. पण त्या इंजिनाची चेन किती झिजलीय हे कोण सांगणार? शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ती न करता फिरणाऱ्या गाड्यांचा विमा गरजेच्या वेळी कसा उडतो ते विमावाल्यांना विचारा. मामांनी एका वाक्यात तो विषय संपवला: “आपला आजार म्हाईत हाय, दुसऱ्याचा कशाला घ्या?”

चेन, टेन्शनर, गाइड, सील आणि एकदाच वापरायचे बोल्ट, सगळं त्याच पुरवठादाराच्या डब्यात आलं जो कंपनीलाही पुरवतो. फक्त डब्यावर कंपनीचा शिक्का नव्हता. कॅम जागच्या जागी धरायचं टूल कोल्हापूरहून भाड्याने आणलं. अडलं ते एका कागदावर. हे बोल्ट ठरावीक न्यूटन-मीटरने आवळून वर ठरावीक अंश फिरवायचे असतात. तो आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आहे आणि ते मॅन्युअल मामांना विकत मिळत नाही. विकत! फुकट मागितलेलंच नव्हतं. शेवटी एका पोलिश मेकॅनिकच्या व्हिडिओत त्याच्या टेबलावर पडलेला कागद थांबवून, मोठा करून आम्ही आकडे वाचले आणि दुसऱ्या दोन ठिकाणांशी पडताळले. युरोपातल्या स्वतंत्र गॅरेजवाल्याला हे करावं लागत नाही. तिथे दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना द्यायची सक्ती २००७ च्या नियमापासून आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावर तासाचे किंवा दिवसाचे पैसे भरतो आणि पान उघडतो. तीच कंपनी, तेच इंजिन, तोच बोल्ट.

सगळं बसवून झाल्यावर इंजिन घड्याळासारखं चालत होतं, खडखड नाही, पण दिवा जाईना. कंट्रोल युनिटने जुन्या, लांबलेल्या चेनशी जुळवून घेत काही आकडे शिकून ठेवलेले होते. ते पुसून नव्या चेनचे आकडे त्याला शिकवावे लागतात, आणि त्या कामासाठी माझं स्वस्तातलं यंत्र पुरत नाही. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं, ते डीलरच्या लॉगिननेच उघडतं. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. बाहेर उघडलेल्या इंजिनाला आम्ही हात लावत नाही. पैसे घ्या म्हटलं, तरीही नाही. मग सांगलीहून एक पोरगा बॅकपॅक घेऊन एसटीने आला. कुठून कुठून मिळवलेली, क्रॅक केलेली आवृत्ती त्याच्या जुन्या लॅपटॉपवर होती. अकरा मिनिटं, पंधराशे रुपये. दिवा गेला. पार्ट, टूलचं भाडं, ऑइल, मामांची मजुरी आणि हे पंधराशे धरून एकूण खर्च शहाऐंशी हजार.

ही अकरा मिनिटं मला सगळ्यात जास्त खुपतात. लोखंडाचं अवघड काम एका माणसाने उजळ माथ्याने, बिल देऊन केलं. शेवटचं बटण दाबायला मात्र आम्हाला चोरासारखं वागावं लागलं. ज्या गाडीचे पैसे दोनदा भरून झालेत (एकदा पहिल्या मालकाने, एकदा मी), जिचा कर सरकारने घेतलाय, तिच्या मेंदूला ‘नवी चेन बसवलीय रे’ एवढंच सांगायचं होतं. माझ्या व्यवसायातल्या लोकांनी हे कुलूप लिहिलंय. ते लिहिणारे हुशार असतात, पगार चांगला असतो, आणि तिकिटावर काम असं येतं: ‘अनधिकृत प्रवेश रोखणे’. अनधिकृत म्हणजे कोण, हे त्या तिकिटावर लिहिलेलं नसतं. हे कुलूप कुठवर जाऊ शकतं ते बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत दाखवलं होतं. गाडीत आधीच बसवलेल्या गरम सीटसाठी महिन्याची वर्गणी. लोक खवळले आणि कंपनी मागे हटली. सीटवर लोक खवळले, टायमिंग चेनवर खवळत नाहीत, कारण चेन दिसत नाही.

कुणाला वाटेल की आपल्याकडे याबाबत कायदाच नाही. आहे, आणि म्हणून चीड जास्त येते. २०११ साली शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की काही कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. यात फक्त परदेशी कंपन्या नव्हत्या. टाटा, मारुती, महिंद्रा, सगळे होते. सगळ्यात मोठा आकडा टाटांचाच, तेराशे कोटींच्या वर. दंडापेक्षा आदेश महत्त्वाचा होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करा, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका. पुढे अपिलं झाली, काहींचा दंड कमी झाला, खटले रेंगाळले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, वाहनं हा त्यातला एक विभाग. त्यावर जाऊन बघा: ग्राहक सेवा केंद्रांचे पत्ते, वॉरंटीची माहिती. मलकापूरच्या मिस्त्रीला बोल्टचा आकडा हवाय आणि आपण त्याला कंपनीच्या कॉल सेंटरचा नंबर देतोय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून हा हक्क घेतला, २०२० मध्ये पुन्हा मतदान करून गाडीतून वायरलेस जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवला. त्यासाठी तिथे लोकांना आधी राग यावा लागला. आपल्याकडे राग येतो, पण तो गाडी घेणाऱ्या पोरावर.

कंपन्यांचा ठरलेला बचाव म्हणजे सुरक्षितता. माहिती खुली केली तर अडाणी हातात जाईल, अपघात होतील, गाड्या चोरीला जातील. आता बघा, ब्रेकचे पॅड, स्टिअरिंगचे सांधे, टायर, यांच्यावर खरोखर जीव अवलंबून असतो आणि ते आजवर कुठल्याही फाट्यावर बदलून मिळत आले आहेत. त्यासाठी कुणी पासवर्ड मागितला नाही. कुलूप सुरू होतं ते सॉफ्टवेअर सुरू होतं तिथून, जीव धोक्यात येतो तिथून नव्हे. चोरीचं म्हणाल तर २०२१-२२ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाच्या गाड्या पोरं यूएसबीच्या टोकाने फिरवून पळवत होती. कारण एवढंच की त्या मॉडेलांत इम्मोबिलायझरच बसवलेला नव्हता. मॅन्युअल बंद ठेवून ती चोरी थांबली नाही. आणि बंद सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांना २०१५ आठवत असेलच. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या, भारतात कंपनीने परत बोलावल्या त्या सुमारे ३.२३ लाख. ते शोधून काढलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी, गाडीच्या मागे यंत्र बांधून ती रस्त्यावर पळवून. कंपनीच्या आतून कुणी सांगायला आलं नव्हतं.

याचा अर्थ रस्त्यावरचा प्रत्येक मिस्त्री संत आहे असा मी काढत नाही. गळतीवर सिलिकॉन फासून पाठवणारे आहेत. बिघाड समजत नाही म्हणून एकेक पार्ट बदलून बघणारे आहेत, तुमच्या खर्चाने. जुगाडाचं कौतुक करणाऱ्या रील मला आवडत नाहीत. टायमिंग चेनला जुगाड चालत नाही, आकडाच लागतो. सेकंडहँड विक्रेत्यांत तर विकण्याआधी कोड पुसून दिवा घालवणं ही सर्रास पद्धत आहे. (घेताना फक्त कोड बघू नका, ‘रेडिनेस मॉनिटर’ बघा. कोड नुकते पुसलेले असतील तर ते ‘तयार नाही’ दाखवतात, आणि गाडी बरीच चालवल्याशिवाय तयार होत नाहीत. ते खोटं सहज करता येत नाही.) पण वाईट मिस्त्रीवर उपाय म्हणून चांगल्या मिस्त्रीची पुस्तकं काढून घेणं हे कुठलं शहाणपण? माहिती खुली असती तर चांगला आणि वाईट यातला फरक गिऱ्हाइकालाच दिसला असता. आकडा छापील आहे, तू किती आवळलास ते दाखव.

आणि हे आपल्या भागात घडावं याचं मला जास्त लागतं. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती लोखंडी नांगरासाठी. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, पण एकदा घेतला की गावातल्या लोहाराला तो कळत होता. साताऱ्याला कूपरांनी नांगर केले, डिझेल इंजिनं केली. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच फुटली तर काच मिळायची, वात संपली तर वात. कुणी ‘कंदील असेंब्ली’ घ्या म्हणालं नाही. आजही कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत देशी-विदेशी कंपन्यांसाठी इंजिनाचे भाग ओतले जातात, तासले जातात, पिस्टन बनतात. दहा मायक्रॉनची चूक झाली तर माल परत येतो. म्हणजे इंजिन बनवण्याइतका या पट्ट्यातला कामगार विश्वासू आहे. तेच इंजिन गाडीत बसून, विकलं जाऊन, झिजून परत आलं की मात्र तो अडाणी ठरतो. मी ज्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं तिथे कार्यशाळेत अर्धं कापलेलं, रंग दिलेलं एक इंजिन होतं. चार वर्षं आम्ही त्याची आकृती काढली. बोल्ट आवळताना अंश का मोजायचे हे मला मामांच्या खड्ड्याशेजारी बसून कळलं. बोल्ट त्याच्या लवचिकतेच्या कडेपर्यंत ताणायचा असतो, टॉर्कने घर्षण मोजलं जातं आणि अंशाने ताण. हे वाक्य त्यांनी असं म्हटलं नाही. ते म्हणाले, “रबरासारका ताणायचा, तुटायच्या अलीकडं थांबायचं.”

जे लोक ‘कंपनीतच दाखव’ म्हणतात त्यांना मला एक विचारायचंय. कंपनीच राहिली नाही तर? रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो आठवते का? १४५ हॉर्सपॉवर, आपल्या महाराष्ट्रात जोडलेली, खिशाला परवडेल अशी मस्तीखोर गाडी. फियाटने २०१९ च्या सुमारास इथली विक्री गुंडाळली. तळेगावात बनणाऱ्या शेवरोलेची विक्री २०१७ अखेर थांबली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. यांनी काही काळ सेवा देऊ म्हणून सांगितलं, ती काही ठिकाणी मिळतेही. पण खेड्यातली फिएस्टा आणि बीट आज रस्त्यावर आहे ती बहुतेक वेळा कुठल्यातरी शेडमधल्या मिस्त्रीमुळे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी कारखाना बंद झाल्यावरही वीस वर्षं धावल्या, ऑक्टोबर २०२३ पर्यंत. त्या गाड्यांना पासवर्ड नव्हता म्हणून धावल्या. आज घेतलेल्या नव्या गाडीची कंपनी पंधरा वर्षांनी इथे असेल याची खात्री कोण देणार आहे? आणि नसली तर तिच्या सर्व्हरवरचं लॉगिन कोण उघडणार?

मागणी फार मोठी नाही. दुरुस्तीची मॅन्युअल कुणालाही वाजवी किमतीत, दिवसाच्या भाड्याने मिळावीत. पार्ट बदलल्यावर गाडीला तो ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर परवाना घेऊन स्वतंत्र गॅरेजला वापरता यावं. किल्लीचा आणि इम्मोबिलायझरचा भाग वेगळा ठेवा, त्याला ओळखपत्र लावा, हरकत नाही. कंपनीने विक्री थांबवली तर हे सगळं खुलं करणं बंधनकारक असावं. आयोगाने २०१४ साली जे म्हटलं त्यात यातलं बरंचसं येतं. अंमलबजावणी कोण करतंय हे विचारायचं राहिलंय, आणि ते विचारायला स्पोर्ट्स कारवाल्यांची संख्या पुरणार नाही हे मलाही कळतं.

ती दुसरीकडून पुरेल. जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले. त्यामुळे साध्या पंपाच्या जागी कॉमन रेल आणि कंट्रोल युनिट आलं. अमेरिकेत जॉन डीअरच्या शेतकऱ्यांनी कुलुपं फोडायला बाहेरून सॉफ्टवेअर आणलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीवर खटला भरला. इकडे मामांच्या शेडमध्ये माझी गाडी बाहेर निघाली त्या दिवशी तिच्या जागी एक नवा मोठा ट्रॅक्टर आत आला. दोन ट्रॉल्या ओढणारा, कारखान्याशी वाहतुकीचा करार झालेला, हप्ता चालू असलेला. इंजिनचा दिवा लागलाय आणि तो एका ठरावीक वेगाच्या वर जायला तयार नाही. कंपनीचा माणूस येतो म्हणाला, चार दिवस झाले आला नाही, आणि गाळप हंगाम कुणासाठी थांबत नाही. मामांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. ऐकू काहीच येईना, कारण बिघाड लोखंडात नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “साहेब, तो सांगलीचा पोरगा ट्रॅक्टरचं करतो का हो?”